पाच अशुद्ध मते

पिंपळे गुरवमधील त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर संध्याकाळी सातनंतर चहाचा कप ठेवण्यास सक्त मनाई होती, कारण त्या वेळी तेथे संसद भरत असे.

संसद टॅबलेटच्या पडद्यात मावणारी होती. पण जाईबाईंनी तिला कधी लहान मानले नाही. इस्त्रीची सुती साडी, चापून बांधलेले केस, स्वच्छ पुसलेला चष्मा अशा थाटात त्या मधल्या खुर्चीवर बसत, भिंतीवरील बाबासाहेबांच्या तसबिरीकडे एकवार पाहत आणि मगच सभागृह उघडत. सून स्वयंपाकघरात फोडणीसुद्धा दबकत घाली.

भामापवना गणराज्याला सैन्य नव्हते आणि एक गुंठाही जमीन नव्हती. आपल्याकडचा गुंठ्याचा भाव पाहता ते शहाणपणाचेच म्हणायचे. टाळेबंदीत घरी अडकलेल्या वाकडच्या पाच-सहा संगणकवाल्यांनी हा देश इंटरनेटवर वसवला. भामा नदीपासून पवना नदीपर्यंतचा मुलूख नकाशावर रंगवला, ध्वज काढला, घटना लिहिली आणि मग ते नागरिक जमवायला निघाले. आज नागरिक दोनशेच्या घरात होते. या देशात चाकणच्या चौकात वाहतूक तुंबवणे हा गुन्हा होता आणि कोल्हापूरकरांच्या अशाच एका देशाशी मिसळीवरून युद्ध होऊन सन्मानपूर्वक तहही झाला होता.

जाईबाईंचे नाव मैत्री या त्यांच्या नातीने गमतीने नोंदवले होते. त्यांच्याआधी दोन अध्यक्ष सभागृहाच्या गोंगाटाला कंटाळून पळाले होते. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या जाईबाईंनी पहिल्याच बैठकीत फर्मावले, "सन्माननीय सदस्यांनी एका वेळी एकानेच बोलावे. दात काढणारी चित्रे पाठवणाऱ्याने वर्गाबाहेर उभे राहावे." सभागृहाचा वर्ग झाला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, सारे गपगार बसले. तेव्हापासून अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

कायदा करण्याची तेथील रीत मोठी चोख होती. ज्याला कायदा हवा त्याने मसुदा फलकावर लावायचा. दोघांनी अनुमोदन द्यायचे. मग वाचन, मग दुरुस्त्या, मग सभागृहात समोरासमोर चर्चा. चर्चा आवाजी असे, मत मात्र लेखी आणि गुप्त. ते थेट कारकुनाकडे जाई. कारकून म्हणजे मैत्रीने तयार केलेला मतमोजणीचा प्रोग्रॅम. हा कारकून चहा पीत नसे, रजा घेत नसे आणि कोणाच्या ओळखीचाही नसे. मोजणीनंतर हरकतीसाठी थोडी मुदत असे, आणि ती संपल्यावर अध्यक्षांनी निकाल जाहीर केला की कायदा झाला.

स्वतः जाईबाईंनी या देशाला एकच नियम दिला होता. पूर्वी लोक मतदानात "हो भावा", "येस बॉस", "चालतंय की" असे वाटेल ते लिहीत. "चालतंय की" ही संमती समजावी की वैताग, यावर एकदा सरकार पडता पडता वाचले. तेव्हा जाईबाईंनी नियम मांडला: ‘मत शुद्ध व स्पष्ट मराठीत नोंदवावे.’ एकमताने मंजूर झाला. मैत्रीने कारकुनाला ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच शब्द शिकवले. त्या दिवसापासून मोजणी चुटकीसरशी होऊ लागली आणि जाईबाईंना त्या नियमाचा, खरे सांगायचे तर, फार अभिमान होता.

आता या देशाला ग्रहण लागले ते वेळेचे. मतदान संध्याकाळी सात ते नऊ, आणि लागोपाठ तीन मतदानांना गैरहजर राहणाऱ्याचे नागरिकत्व रद्द, असा जुना कायदा होता. वाकडकरांना तो सोयीचा होता. पण नागरिकांत चाकणच्या कारखान्यांतले पुष्कळ लोक होते, आणि दुसऱ्या शिफ्टच्या माणसाचा मोबाइल त्या वेळी कंपनीच्या लॉकरमध्ये बंद असतो. लातूरकडून आलेला सुजित अशांपैकीच एक. कंत्राटावर कायमची दुसरी शिफ्ट त्याच्या वाट्याला आली होती. गुरुवारच्या सुट्टीतली सकाळची, मतदान नसणारी बैठक तेवढी त्याला गाठता येई. दोन मतदाने त्याची हुकली होती. म्हणून त्याने सकाळी बसून एक मसुदा लिहिला: मतदान तिन्ही शिफ्टना पुरेल असे दिवसरात्र खुले ठेवावे आणि जुन्या वेळेमुळे लागलेल्या गैरहजेऱ्या पुसाव्यात. गंमत अशी, की त्याच्याच विधेयकाचे मतदान संध्याकाळी सातला होणार होते. विधेयक पडले, की तीच सुजितची तिसरी गैरहजेरी, म्हणजे देशाबाहेर.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"आज्जी, सुजित बोलालोय. उद्या आपलं विधेयक हाय."

"आपलं नव्हे, तुझं. अध्यक्षाचं कोणतंच विधेयक नसतं. आणि अध्यक्षाशी फोनवर विधेयकाबद्दल बोलायचं नसतं, असं घटनेत आहे."

"कुठल्या कलमात?"

"नसेल तर घालू. जेवलास का?"

"पोहे खाल्लो."

"पोहे म्हणजे जेवण नव्हे. एक दिवस रजा का नाही काढत?"

"कारण काय लिहू, आज्जी? संसदेत मतदान आहे म्हणून? सुपरवायझर मला डॉक्टरकडंच धाडंल." तो हसला आणि मग हळूच म्हणाला, "एकच सांगतो अन् ठेवतो. कंपनीत मला नावानं कुणी हाक मारीत नाही. ‘ए कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतेत. खोलीवर सहा जण. एक आला की दुसरा निघाला. ‘सन्माननीय सदस्य सुजित’ म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. तेवढं जाऊ नये वाटतंय."

जाईबाईंनी घसा खाकरला. "सभागृहात बोलायचं ते सभागृहात बोलावं."

"सभागृहाच्या टायमाला मी लायनीवर असतो, आज्जी. तेच तर विधेयक हाय!"

यावर अध्यक्षांनी रात्रीच्या डब्यात भाकरी नेण्याची सूचना करून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चर्चा रंगली. विरोधाला उभे राहिले खुद्द पंतप्रधान दिग्विजय. मैत्रीच्या वाकडच्या ऑफिसात तो तिचा वरिष्ठ होता. माणूस हसतमुख, पण दोन तासांत निकाल लागला नाही तर त्याचा जीव कासावीस होई.

"आज्जी—"

"अध्यक्ष महोदया."

"सॉरी, अध्यक्ष महोदया. मतदान दिवसभर उघडं ठेवलं तर काय होईल? लोक एकमेकांना फोन करकरून मतं ओढतील. दोन तासांत सगळे एकदम बसतात, त्यात एक मजा आहे. आणि कोणाला काढायची मला हौस नाही हो. पण जो येतच नाही तो नागरिक कसला?"

"येत न्हाई आन येऊ शकत न्हाई, यात फरक हाय का न्हाई, भाऊ?" खेड तालुक्यातला संघर्ष मध्येच गरजला. तो त्या आठवड्यात पहिल्या शिफ्टला असल्यामुळे हजर होता. "मी या हप्त्यात पहिलीला, म्हणून नागरिक. फुडल्या हप्त्यात दुसरीला, म्हणजे परदेशी. आमी काय पासपोर्ट काढायचा का दर सोमवारी?"

"सन्माननीय सदस्यांनी अध्यक्षांकडे पाहून बोलावे," जाईबाईंनी बजावले, आणि हसू पदराआड लपवले.

मतदान झाले. नवाच्या ठोक्याला कारकुनाने हिशेब मांडला: होय एकतीस, नाही चौतीस, बाद पाच.

"पडलं," दिग्विजय म्हणाला. त्याच्या स्वरात विजयाइतकीच ओशाळगतही होती, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

"आजी, पाच मतं बाद आहेत," मैत्री पुटपुटली.

"दोन शब्दांतला एक शुद्ध लिहायला काय होतं लोकांना!" जाईबाई करवादल्या. निकाल गुरुवारच्या बैठकीत जाहीर होईल, असे सांगून त्यांनी सभागृह उठवले.

सकाळी भिवादादांचा फोन आला. हे जाईबाईंचे थोरले बंधू. फाउंड्रीत हयात घालवून आता चाकणजवळ, संघर्षच्याच गावी राहत होते. मैत्रीने त्यांनाही नागरिक करून टाकले होते.

"जाई, तुझ्या देशात मला अशुद्ध म्हनत्यात."

"कोण म्हणतं?" जाईबाई ताठ झाल्या.

"तुझा कारकून. मी चष्मा लावून, एका बोटानं मत लिवलं. त्यानं लगीच उत्तर धाडलं. वाचू का? ‘क्षमस्व. आपले मत अशुद्ध आहे. ते बाद करण्यात आले आहे.’"

"अरे, ते तसं नव्हे, दादा. तो भाषेचा नियम आहे. तू बोलीत लिहिलं असशील, म्हणून—"

"नियम कुनी केला?"

जाईबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आपल्या आज्याला गावात अशुद्ध म्हनायचे. बाला म्हनले. मी ल्हान व्हतो तवा मलाबी म्हनले. म्हननारे गेले, त्येचं काय न्हाई आता. पर सख्ख्या भनीच्या कायद्यानं म्हनावं, ह्ये इशेष हाय." आणि भिवादादा चक्क हसले. रागावले असते तर बरे, असे जाईबाईंना वाटले.

"माझ्या मनात तो अर्थ नव्हता रे."

"तुझ्या मनात नसंल. पर शब्द त्योच हाय ना? आन बोलीचं म्हनतीस, तर सांग. तुला बघाया आल्ते, तवा बानं इचारलं, पोरगा पसंत हाय का? तू मोरीकडं तोंड करून काय म्हनलीस? ‘होय बाबा, मला पसंत आहे’ असं म्हनलीस?"

"दादा, आता ते कशाला—"

"काय म्हनलीस?"

"...व्हय म्हटलं."

"मग बानं तुझं मत बाद केलं का? त्या एका व्हयवर लगीन झालं, पोरं झाली, नात झाली. त्या नातीनं ह्यो कारकून केला. आन त्यो मला शिकवतो का?" फोन खणकन बंद झाला.

जाईबाईंना अध्यापिका विद्यालयातला पहिला दिवस आठवला. बाईंनी हजेरी घेतली तेव्हा त्या "व्हय" म्हणाल्या होत्या आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली होती. तो शब्द त्यांनी त्याच आठवड्यात जिभेवरून खरवडून काढला. पुढे वर्गात कोणी "व्हय" म्हटले, की त्याला पाटीभर "होय" लिहायला लावीत. मुलाच्या भल्यासाठीच ते. दादा मात्र अक्षरे लागण्यापुरताच वर्गात बसला होता. त्याने घंटा ऐकली ती फाउंड्रीच्या भोंग्याची.

संध्याकाळी मैत्री ऑफिसातून आली तेव्हा आजी टेबलाशी घटना उघडून बसली होती.

"आजी, ती पाच मतं कारकुनाकडे आहेत. नावं दिसत नाहीत, पण शब्द दिसतात. उघडू?"

"मुळीच नाही."

"अगं, पाचही ‘व्हय’ असतील तर सुजित जिंकला! छत्तीस विरुद्ध चौतीस!"

"म्हणूनच नाही. मतं पाहून निर्णय दिला तर तो निर्णय नव्हे, वशिला. आधी निर्णय, मग मतं." मग त्यांनी विचारले, "ते क्षमस्वचं वाक्य कोणी लिहिलं?"

"मीच. तुझ्या नियमातला शब्द घेतला. शुद्ध नाही म्हणजे अशुद्ध. का गं?"

जाईबाईंनी तसबिरीकडे पाहिले आणि चष्मा उगाच पुन्हा पुसला. "काही नाही. व्याकरण बरोबर आहे तुझं. तिथंच घोळ आहे."

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे सकाळच्या बैठकीला चाकणकरांची ही गर्दी लोटली. सुजितही खोलीच्या गच्चीवरून हजर होता. त्याच्यामागे दोरीवर कोणाचा तरी निळा गणवेश वाळत होता. वाकडकर मात्र ऑफिसात कानांत इअरफोनची बोंडे खुपसून, काम करत असल्याचा आव आणून बसले होते. भिवादादाही आले होते. पडद्यावर त्यांचे फक्त कपाळ दिसत होते.

"निकालापूर्वी अध्यक्षांचा निर्णय," जाईबाईंनी सुरुवात केली. "प्रश्न असा, की बाद ठरवलेली मतं खरोखर बाद आहेत का. नियम म्हणतो, मत शुद्ध आणि स्पष्ट मराठीत हवं. होय किंवा नाही हे दोनच शब्द चालतील, असं नियमात कुठेही नाही. ते कारकुनाला शिकवलं गेलं."

"पण आज्जी... अध्यक्ष महोदया," दिग्विजय हलक्या आवाजात म्हणाला, त्याच्यामागून कोणी तरी फाइल घेऊन गेले. "नियम तुमचाच. तुम्हीच तो आता वाकवताय, असं नाही का होत?"

"वाकवत नाही, वाचते आहे. शुद्ध म्हणजे काय? ज्यात भेसळ नाही ते. शुद्ध तूप, शुद्ध सोनं. ‘येस बॉस’मध्ये भेसळ आहे. अंगठ्याच्या चित्रात तर मराठीच नाही. आता ‘व्हय’ या शब्दात कशाची भेसळ आहे, ते सन्माननीय पंतप्रधानांनी सभागृहाला दाखवावं. पाणी घातलंय? डालडा?"

चाकणकरांत हशा उसळला. दिग्विजय डोके खाजवत राहिला. मग मोकळेपणाने म्हणाला, "भेसळ नाही. मान्य."

"स्पष्ट नाही, असं कोणी म्हणेल का? या मुलखात ‘व्हय’ ऐकून कोणी ‘नाही’ समजल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा निर्णय असा: व्हय म्हणजे होय, न्हाई म्हणजे नाही, आणि दोन्ही मोजायचे. सचिव मैत्री यांनी मतं उघडावीत."

मैत्रीने एकेक मत पडद्यावर आणले. पहिले: व्हय. चाकणच्या बाजूने शीळ वाजली. दुसरे: व्हय. तिसरे: व्हय, आणि पुढे पूर्णविराम. चौथे: व्हय व्हय.

"हे एकच धरावं," जाईबाई म्हणाल्या.

पस्तीस विरुद्ध चौतीस. गच्चीवर सुजित उभा राहिला होता.

पाचवे मत आले: न्हाई.

पस्तीस विरुद्ध पस्तीस. भिवादादांचे कपाळ तेवढे आनंदाने हलले.

"त्ये माझं हाय!"

"दादा, मतदान गुप्त असतं!"

"गुप्त कशाला? एवढं भांडून मोजाया लावलं. माझं हाय."

"तू... नाही म्हटलंस?" जाईबाईंचा अध्यक्षीय स्वर पहिल्यांदाच घसरला.

"मंग! दिसभर मतदान चालू ऱ्हायलं, तर हा संघर्ष आन त्याची टोळी रेंजसाठी दिसभर माझ्या वट्ट्यावर. रोज संध्याकाळी दोन तास सोसतोय त्येच लई झालं."

"आबा, तुमीबी!" संघर्षने कपाळावर हात मारला. दिग्विजय टेबलाखाली वाकून हसत होता. मग त्याने स्वतःला सावरले, कारण पेच खराच होता.

"अध्यक्ष महोदया, बरोबरी झाली की निर्णायक मत तुमचं. पण संकेत असा आहे, की अध्यक्षांनी अशा वेळी आहे ते तसंच राहू द्यावं."

"संकेत मला ठाऊक आहे, दिग्विजय. तो अर्धाच सांगितलास. चर्चेचं दार बंद होणार नाही असं मत अध्यक्षांनी द्यावं, म्हणजे सभागृहाला पुन्हा विचार करता येतो." जाईबाईंनी सुजितच्या चौकटीकडे पाहिले. तो पुन्हा बसला होता आणि दोरीवरच्या गणवेशाची बाही उगाच पिळत होता. "मी ‘नाही’ म्हटलं, तर ज्यांच्याविषयी चर्चा आहे तेच आज देशाबाहेर जातील. मग पुन्हा विचार कोण मांडणार? मी विधेयक मंजूर केलं आणि ते फसलं, तर तुम्ही सगळे मिळून ते उद्या बदलू शकता, कारण सगळे इथेच असाल. दार उघडं ठेवायचं तर माझ्यापुढे एकच मत उरतं."

त्यांनी टॅबलेट पुढे ओढला. बोट ‘ह’वर गेले, सवयीने गेले. तेथे ते थबकले. मग सरकून ‘व’वर आले. हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी लिहिलेला नव्हता. जोडाक्षर साधायला जरा वेळ लागला. सारे सभागृह पाहत असताना जाईबाईंनी लिहिले: व्हय.

कारकुनाने तत्काळ उत्तर दिले: ‘क्षमस्व. आपले मत अशुद्ध आहे. ते बाद करण्यात आले आहे.’

मैत्रीने जीभ चावली. "आजी, थांब, मी अजून त्याला शिकवलं नाहीये—"

"असू दे. एकदा मलाही वाचू दे." जाईबाईंनी ते वाक्य शांतपणे, शब्द न गाळता मोठ्याने वाचून दाखवले. मग म्हणाल्या, "विधेयक छत्तीस विरुद्ध पस्तीस मतांनी मंजूर. सन्माननीय सदस्य सुजित, तुमच्या गैरहजेऱ्या पुसल्या. आणि पुढल्या बैठकीत मी खुर्ची सोडून सदस्य म्हणून बोलणार आहे. त्या नियमातला ‘शुद्ध’ हा शब्द मला काढायचा आहे. नुसतं ‘स्पष्ट’ पुरे. मला दोन अनुमोदक लागतील."

"मी," सुजित म्हणाला. त्याने गणवेशाची बाही सोडून हात वर केला होता.

"आणि मी," दिग्विजय म्हणाला. "पण चर्चा दोन तासांत आटपायची हं, आज्जी."

या वेळी आज्जींनी त्याला दुरुस्त केले नाही.

सभागृह उठले. चौकटी एकेक करून मिटल्या. एकच उरली, तीही नुसत्या कपाळाची.

"जाई, म्हंजे माझी बाजू पडली म्हन की."

"पडली, दादा."

"तुझ्याच मतानं."

"माझ्याच मतानं."

"पर माझं मोजलं ना?"

"व्हय, दादा. मोजलं."

पलीकडे भिवादादांनी कोणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला, "अगं ये, चा टाक जरा! आन त्या संघर्षालाबी बोलीव. आता दिसभर बसनारच हाय मेला."